साज उतरवल्याशिवाय औषध लागू पडत नाही: राबणाऱ्या घोड्यांचे बुरशीचे आजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नुकतीच पशुवैद्यकी सुरू केली आहे आणि गाडीला जुंपले जाणारे सहा घोडे एकाच तबेल्यातून तुमच्याकडे येतात. दोघांच्या पाठीवर आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळतात त्या जागी गोल टक्कल पडलंय. तिघांच्या छातीवर आणि पुढच्या पायांवर माळेसारख्या गाठी आहेत. त्या फुटतात, भरून येतात आणि शेजारी नव्या उठतात. सहावी एक म्हातारी घोडी, तिचे तीन पाय सुजून खांबासारखे झालेत. प्रतिजैविकांचे दोन कोर्स देऊनही कशात फरक नाही. काम बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच बुरशीनाशक द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. तुमच्या वर्णनात मला किमान दोन वेगळे आजार दिसतात. त्यातला एक बहुधा आपोआपही बरा होईल. दुसरा घोड्याला कामातून आणि शेवटी जिवातून उठवू शकतो. शिवाय तिसरी एक शक्यता आहे. ती बुरशीची नाही, पण ती आधी खोडून काढल्याशिवाय त्या गाठींना हात लावणं धोक्याचं आहे. म्हणून सुरुवात तिथून करतो.

तिसरी शक्यता म्हणजे ग्लँडर्स. बर्खोल्डेरिया मॅलियाय या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाचं कातडीवरचं रूप, ज्याला फार्सी म्हणतात, अगदी तुम्ही सांगता तसंच दिसतं: लसवाहिनी (कातडीखालची लसिका वाहून नेणारी नळी) दोरीसारखी टणक होते, तिच्यावर ओळीने गाठी येतात, गाठी फुटून व्रण होतात. हा रोग माणसाला होतो आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीव घेतो. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण किंवा चांदणीसारखे वण, उतरत जाणारं वजन आणि ताप यातलं काहीही असेल तर तिथेच थांबा. हातमोजे आणि मास्क घाला, रक्ताचा नमुना घेऊन सरकारी पशुवैद्यक यंत्रणेला कळवा आणि घोडा वेगळा बांधा. नाक स्वच्छ असलं तरी तपासणी टाळू नका. ग्लँडर्स ठरलाच तर बहुतेक देशांत त्यावर उपचार करायला परवानगी नसते. एक अनुभवाची खूण सांगतो. घोड्यांच्या ज्या बुरशीबद्दल मी पुढे लिहिणार आहे ती गाढवांमध्ये क्वचितच दिसते. त्याच तबेल्यातल्या गाढवाला अशा गाठी आल्या असतील तर माझा संशय आधी ग्लँडर्सवर जातो.

अहवाल ‘नाही’ आला असं धरून पुढे जातो. तसं झालं तर छाती-पायांवरच्या माळेसारख्या गाठींचं सर्वात संभाव्य कारण एपिझूटिक लिम्फँजायटिस, म्हणजे लसवाहिन्यांचा साथीचा बुरशीरोग. हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलाटम या बुरशीचा फार्सिमिनोसम हा प्रकार तो घडवतो. रिव्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८७३ साली असल्या पुवात यीस्टसारख्या पेशी पाहिल्या, तेव्हापासून हा आजार ओळखीचा आहे. बोअर युद्धानंतर, १९०२ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या लष्करी घोड्यांबरोबर तो ब्रिटनमध्ये शिरला आणि बाधित घोडे मारूनच तिथून हटवावा लागला. आज तो उरलाय तो बहुतांशी गाडी ओढणाऱ्या गरीब घोड्यांमध्ये. सर्वात मोठं ओझं इथिओपिया सोसतो. तिथल्या अठ्ठावीस गावांतले सुमारे १९,००० टांग्याचे घोडे तपासलेल्या पाहणीत जवळपास १९ टक्क्यांना हा रोग आढळला होता. तिकडे टांग्याला ‘गारी’ म्हणतात. आपल्या ‘गाडी’चंच ते भावंड.

हा रोग शर्यतीच्या किंवा हौसेच्या घोड्यांपेक्षा राबणाऱ्या घोड्यांनाच का गाठतो, हे नीट समजलं की निम्मा उपचार तिथेच कळतो. ही बुरशी धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही, तिला जखम लागते. राबणाऱ्या घोड्याच्या अंगावर जखमा कुठे असतात? छातीवर पट्टा घासतो तिथे, तंगाखाली, खांद्यावर, तोंडाच्या कोपऱ्यात लगामाच्या कडीशी आणि पायांवर, जिथे एक नाल दुसऱ्या पायाला लागतो. गाठी कुठून सुरू झाल्या ते मालकाला विचारा. बहुतेक वेळा त्याचं बोट सरळ साजाच्या घासणीकडे जातं. फुटलेल्या गाठीतला पू पट्ट्याला लागतो, तोच पट्टा दुपारी दुसऱ्या घोड्यावर चढतो. एकच खरारा सहाही घोड्यांवर फिरतो, एकच फडकं सगळ्यांचे डोळे पुसतं. माश्या एका व्रणावरून दुसऱ्यावर जातात. दमट मातीत आणि पेंढ्यात ही बुरशी काही आठवडे तग धरते. संसर्ग झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत काही आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणजे तुमच्या सहापैकी ज्या घोड्याला आज गाठी नाहीत तो या रोगातून सुटला आहे असं मानून चालू नका.

निदानासाठी न फुटलेली, मऊ पडू लागलेली गाठ निवडा. केस काढा, स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या आणि निर्जंतुक सुईने पू ओढा. उघड्या व्रणाचा पू घेऊ नका. त्यात दुनियाभरचे जिवाणू असतात आणि प्रतिजैविकांच्या फेऱ्यात तुम्ही अडकलात ते बहुधा त्यामुळेच. काचपट्टीवर लेप देऊन ग्रॅम किंवा गिम्सा रंगाने रंगवा. दोन ते पाच मायक्रोमीटरच्या अंडाकृती यीस्ट पेशी, भोवती प्रभावळीसारखी मोकळी कड, काही सुट्या आणि काही मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात, असं दृश्य दिसलं की निदान जवळजवळ पक्कं. बुरशीचं कल्चर लावायला, म्हणजे प्रयोगशाळेत ती वाढवून पाहायला, हरकत नाही, पण वाढ दिसायला कित्येक आठवडे लागतात; तेवढा वेळ उपचार अडवून धरू नका. मात्र यीस्ट दिसली म्हणून ग्लँडर्स नाही असं सिद्ध होत नाही. एका घोड्याला दोन्ही असू शकतात, म्हणून रक्ततपासणी वेगळी हवीच.

त्याच लेपात यीस्टऐवजी गठ्ठ्यागठ्ठ्याने पडलेले ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रॅम रंगाने जांभळे दिसणारे, दांडीसारखे जिवाणू दिसले आणि गाठी मुख्यतः मागच्या पायात असल्या, तर तो कोरिनेबॅक्टेरियम या जिवाणूचा अल्सरेटिव्ह लिम्फँजायटिस, म्हणजे लसवाहिन्यांचा व्रण पाडणारा आजार, असू शकतो. त्याला प्रतिजैविकच लागतं, तेही लांबवर. काहीच सापडलं नाही आणि गाठी एका जखमेपासून वर वर चढत गेल्या असतील, तर स्पोरोट्रायकोसिस हा आणखी एक बुरशीरोग मनात ठेवा. घोड्याच्या पुवात ती बुरशी इतकी विरळ असते की लेपात चुकते, कल्चरमध्ये सापडते. तिचा उपचार पुढे लिहितो त्याच वाटेने जातो.

आता औषध. राबणाऱ्या घोड्यांमध्ये प्रत्यक्षात झेपणारं औषध म्हणजे आयोडीनचे क्षार. अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक काम करतं, पण मूत्रपिंडाला घातक आहे आणि महाग आहे. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या घोड्याच्या वजनाला महिनोन्‌महिने देणं गाडीवाल्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. केटोकोनॅझोल तर घोड्याच्या आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, ते लिहून देऊ नका. अर्धवट सोडलेला महागडा कोर्स हा पूर्ण केलेल्या साध्या कोर्सपेक्षा वाईट, हे मी बऱ्याच घोड्यांच्या किमतीवर शिकलोय.

आयोडाइडचा हिशेब मी शरीराच्या दर किलोला दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅम असा धरतो. सुरुवातीचे काही दिवस सोडियम आयोडाइड शिरेतून, सावकाश, आणि सुई शिरेतच आहे याची खात्री करून, कारण बाहेर गळलं तर ऊती जळते. त्यानंतर रोज तोंडावाटे, दाण्यात कालवून. पोटॅशियम आयोडाइड तोंडावाटेच द्यायचं. ते शिरेत कधीही देऊ नका, पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. वजन डोळ्याने ठरवू नका, छातीच्या घेराची वजनपट्टी वापरा. गाडीचे घोडे बहुधा रोड असतात आणि अंदाज हमखास जास्त निघतो. क्षार गडद रंगाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायला सांगा. उजेडाने आणि ओलाव्याने तो पिवळा पडतो, तसा झाला तर टाकून द्यायचा. मी रोजच्या मात्रेच्या पुड्या मोजून देतो. चमचा कुणाचा किती भरतो याचा भरवसा नसतो.

डोळ्यांतून पाणी, नाकातून पातळ स्राव, खोकला, अंगभर कोंडा आणि केसगळ सुरू झाली की ते आयोडीन अंगावर उठल्याचं लक्षण. नेमक्या याच वेळी मालक म्हणतो ‘औषधाने उलट बिघडला’ आणि सगळं सोडून देतो. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा: असं दिसलं तर औषध थांबव आणि मला कळव, आठवड्याभरात पुन्हा कमी मात्रेने सुरू करू. गाभण घोडीला आयोडाइड देऊ नका, गर्भपाताचा आणि शिंगराला गलगंड होण्याचा धोका असतो. तुमच्या तिघांत घोडी असेल तर आधी ती गाभण नाही याची खात्री करा.

क्षार आतून काम करत असताना गाठींकडे बाहेरूनही पाहावं लागतं. पिकलेली गाठ फोडा, पू पूर्ण काढा, पोकळी धुऊन तीत टिंक्चर आयोडीनमध्ये भिजवलेली पट्टी भरा. ती रोज किंवा एकाआड एक दिवस बदलायची. कच्च्या गाठीला हात लावायचा नाही. पू मातीत सांडू देऊ नका. खाली कागद किंवा पेंढा पसरा आणि काम झाल्यावर तो जाळा, कापसाचे बोळेही जाळा. एका दिवशी सगळ्या गाठी फोडायचा मोह टाळा. घोडा दुखण्याने पुढच्या वेळी जवळ येऊ देत नाही, आणि हा उपचार त्याच्या सहकार्याशिवाय दोन महिने चालूच शकत नाही. गाठी डागणं, त्यात बॅटरीचं आम्ल किंवा जळकं इंजिन ऑइल भरणं हे अनेक ठिकाणी चालतं. मालकाला रागावू नका, त्याच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. पण ते थांबवा. भाजलेल्या कातडीच्या आत बुरशी तशीच राहते आणि वर आणखी एक जखम उघडते.

शेवटची गाठ भरून आल्यावर किमान आणखी महिनाभर औषध चालू ठेवा. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त घोडे याच टप्प्यावर निसटले. कातडी गुळगुळीत झाली, मी समाधानाने औषध बंद केलं, आणि सहा आठवड्यांनी त्याच जागी माळ परत उभी. पाच-दहा गाठी, एकच पाय किंवा छातीचा एक भाग आणि अंगावर मांस टिकून असलेला घोडा, अशा स्थितीत यश चांगलं येतं. गाठी पसरल्या, डोळे-नाक धरलं, की दर महिन्याला आशा घटत जाते. म्हणून तुमचे उरलेले घोडे दर आठवड्याला हाताने चाचपा. नजरेला गाठ दिसते त्याच्या बऱ्याच आधी बोटांना लागते.

आता टकलाचे दोन घोडे. तो बहुधा गजकर्ण, म्हणजे ट्रायकोफायटन इक्विनम किंवा तिच्या जातभाईंचा कातडीवरचा संसर्ग. सुरुवातीला केसांचा झुपका उभा राहिल्यासारखा दिसतो, मग केस चिमटीत सहज येतात आणि खाली राखाडी कोंडा उरतो. खात्रीसाठी डागाच्या मधले नव्हे, कडेचे केस मुळासकट उपटून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अतिनील दिव्यावर विसंबू नका. ही बुरशी त्यात चमकत नाही. आधी एक फरक तपासा: पावसात भिजलेल्या घोड्याच्या पाठीवर जाड खपल्या असतील आणि खपली उचलल्यावर केस ब्रशासारखे एकत्र निघत असतील, तर तो डर्मॅटोफिलसचा, म्हणजे जिवाणूचा आजार. त्याला बुरशीनाशक लागू पडत नाही, अंग कोरडं ठेवणं आणि प्रतिजैविक लागतं.

गजकर्ण निरोगी घोड्यात दीड ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. मग उपचार कशाला? कारण तेवढ्या वेळात तो सहाही घोड्यांना, खरारा करणाऱ्या माणसाला आणि त्याच्या मुलांना होतो, आणि तंगाखालच्या सोललेल्या कातडीतून मघाची दुसरी बुरशी आत शिरते. फक्त डागावर मलम लावून भागत नाही. बीजाणू डागाच्या पलीकडे पसरलेले असतात, म्हणून सगळं अंग भिजवायचं. एनिलकोनॅझोल या बुरशीनाशकाचं ०.२ टक्के द्रावण तीन-चार दिवसांच्या अंतराने चार वेळा, हा माझा पहिला पर्याय. ते मिळालं नाही तर चुना-गंधकाचं द्रावण, वास वाईट पण काम चोख. मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू वापरलात तर फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्या, लगेच धुतलात तर पाणी वाया. कोरड्या खपल्या खरवडू नका, अंगावरचे केस भादरू नका, दोन्हीने बीजाणू उडतात. स्टेरॉइडचं मलम चुकूनही नको.

या दोन्ही आजारांत साजाचं काम सारखंच आहे, आणि हाच माझ्या उत्तराचा मुख्य भाग समजा. गजकर्णाचे बीजाणू चामड्यावर आणि झुलीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. प्रत्येक घोड्याला स्वतःचा साज, स्वतःचा खरारा, स्वतःचं फडकं. सहा संच नसतील तर निदान गाठींचे आणि गजकर्णाचे अशी दोन गटांची वाटणी, वेगळ्या रंगाच्या दोरीने खूण केलेली. खोगिराखालचं कापड रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकूड, लोखंड आणि जमिनीसाठी साध्या ब्लीचमध्ये दहापट पाणी घाला. पण आधी माती आणि केस धुऊन काढा, घाणीवर ओतलेलं ब्लीच निकामी होतं. चामडं ब्लीचने तडकतं, ते साबणाने घासून एनिलकोनॅझोलने पुसा. मग पट्टा नेमका कुठे घासतो ते शोधा आणि तिथे जाड कापडाची मऊ घडी शिवून घ्या. नालवाल्याला बोलावून घासणारे नाल बदलून घ्या. ही कामं औषधाच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहा, शेवटी ‘जमल्यास’ म्हणून नको.

मालकाच्या ‘काम बंद परवडत नाही’ या म्हणण्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. त्याची चूल त्याच घोड्यावर पेटते. पण सहाही घोडे एकदम थांबवायची गरजही नाही. गजकर्णाचे दोघे, डाग पट्ट्याखाली नसतील तर, हलकं काम करू शकतात. साज मात्र त्यांचाच, आणि घाम आल्यावर अंग पुसून कोरडं करायचं. तंगाखाली डाग असेल तर तो भरेपर्यंत जुंपायचं नाही. गाठींच्या तिघांना पूर्ण विश्रांती आणि पोटभर चारा. रोड घोड्यात आयोडाइड एकट्याने जिंकत नाही. या तिघांच्या दोन महिन्यांच्या विश्रांतीचं गणित मालकापुढे मांडा: आज थांबला तर घोडा परत मिळण्याची शक्यता चांगली, जुंपत राहिलात तर तिन्ही जातील आणि उरलेल्यांनाही लागण होईल. मी हे नेहमी आकडे मांडून बोलतो. दयेचं आवाहन ऐकून माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी घोडा जुंपतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा, तुमच्याकडे आज ना उद्या येतील. डोळ्यात काडी जाऊन पांढरा ठिपका पडला असेल तर तो बुरशीचा व्रण असू शकतो. स्टेरॉइड असलेले थेंब घातले तर डोळा जातो, म्हणून थेंब घालण्याआधी डोळ्याला फ्लुरोसिनचा रंग लावून पाहा. आणि साचलेल्या पाण्यात उभं राहणाऱ्या घोड्याच्या पायाला झपाट्याने वाढणारी, खाजणारी, आतून पिवळट खडे निघणारी जखम झाली तर ती पिथियोसिस. तो जीव बुरशीसारखा दिसतो पण बुरशी नव्हे. नेहमीची बुरशीनाशकं ज्या एर्गोस्टेरॉलवर, म्हणजे बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या घटकावर, घाव घालतात ते त्याच्याकडे नसतंच. तिथे लवकर आणि पुरेशी शस्त्रक्रिया हाच मार्ग.

राहिली म्हातारी घोडी. तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, आणि मला वाटतं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तिलाही आधी ग्लँडर्सची तपासणी, पुवाचा लेप, सगळं इतरांसारखंच. पण तीन पायांची कातडी कायमची जाड होऊन गेली असेल, सांधे वाकत नसतील आणि ती खात असूनही खंगत असेल, तर आयोडाइड तिला परत आणणार नाही. तिच्या व्रणांवरच्या माश्या रोज बाकीच्या पाचांवर बसतात. अशा वेळी पुष्कळ मालक घोडा रस्त्यावर सोडून देतात. मरायला तिला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस ती रोग वाटत फिरते. मालकाशी एकांतात बोला. वेदना न होता तिला झोपवता येतं, त्यासाठी पैसे घेणार नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगा, त्याला विचारायला लावू नका. त्या दिवशी तिला तिच्या जागेवरच, तिच्या ओळखीच्या माणसाच्या हातात दोर असताना, आधी गुंगीचं औषध देऊन मग शेवटचं इंजेक्शन द्या. खोल पुरा, वर चुना टाका, आणि तिचा साज दुसऱ्या कुणावर चढू नये म्हणून तो तिथेच जाळा.